एकाच नावाच्या बुरशीतले सगोत्र आणि परके

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मर रोगाविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख अखेर एकाच प्रश्नाकडे वळतो: प्रयोगशाळेने बुरशीचे नाव सांगितल्यावरही तिची आणखी ओळख पटवावी लागते ती का आणि कशी? म्हणून या वेळचे पान या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी ग्रँड नैन केळीची बाग आहे. मागील हंगामात सात-आठ झाडांची खालची पाने कडेने पिवळी पडली, देठाशी मोडली आणि खोडाभोवती लोंबू लागली. खोड उभे चिरून पाहिले तेव्हा आतले दोरे तांबूस-तपकिरी दिसले. तपासणीच्या अहवालात ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम आढळली’ एवढेच लिहून आले. हीच ती केळीच्या बागा मारणारी टीआर-4 बुरशी का, असे विचारल्यावर ‘त्यासाठी व्हीसीजी तपासणी करावी लागेल, दीड-दोन महिने लागतील’ असे उत्तर मिळाले. बुरशी सापडली, नाव कळले, मग ही आणखी कसली तपासणी, आणि तिला एवढा वेळ का लागतो? — एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : बाग डोळ्यांदेखत पिवळी पडत असताना दोन महिने थांबा असे ऐकून घेणे किती जड जाते, याची मला कल्पना आहे. तरीही अहवाल लिहिणाऱ्याने टीआर-4 हा शब्द घाईने लिहिला नाही, हे त्याने योग्यच केले, असे मी आधी सांगतो. तो एक शब्द चुकीने लिहिला गेला, तर एका गावाच्या केळीचा भाव आणि एका शेतकऱ्याची झोप दोन्ही जातात.

फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम हे ऐकायला एका बुरशीचे नाव वाटत असले, तरी प्रत्यक्षात ते एका फार मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे. आपल्या शेतातील मूठभर मातीतही ही बुरशी सापडेल. तिच्यातील बहुसंख्य प्रकार कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगतात, काही तर निरोगी झाडांच्या मुळांत शिरूनही त्यांना काही अपाय करत नाहीत. रोग करणारे प्रकार थोडे, आणि त्यांची पिकेही ठरलेली असतात. हरभऱ्याची मर करणारा प्रकार केळीला मारत नाही आणि केळीवरचा हरभऱ्याला मारत नाही. म्हणून पिकानुसार तिसरे नाव जोडण्याची पद्धत पडली: केळीवरील प्रकाराला क्युबेन्स, हरभऱ्यावरील प्रकाराला सायसेरिस. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे सारे एकसारखे दिसतात. तेच कोयत्याच्या पात्यासारखे बाकदार मोठे बीजाणू, तेच लहान लंबगोल बीजाणू, आणि जमिनीत वर्षानुवर्षे तग धरणारे तेच जाड भिंतीचे गोल बीजाणू. तीस वर्षे याच बीजाणूंकडे पाहत आलेल्या माणसालाही केवळ पाहून त्यांतला निरुपद्रवी कोणता आणि मारक कोणता, हे सांगता येत नाही. मला तरी येत नाही.

केळीवरील प्रकारातही पुन्हा पोटभेद आहेत, त्यांना रेस म्हणतात. रेस 1 ने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल या निर्यातीच्या जातीच्या बागा उजाड केल्या. या रोगाला पनामा हे नाव चिकटले ते तिथूनच. त्या वाताहतीनंतर कॅव्हेंडिश गटातील केळी जगभर लावली गेली, कारण रेस 1 पुढे ती टिकत होती. आपली जुनी बसराई आणि आजची ग्रँड नैन, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. 1967 मध्ये तैवानमध्ये कॅव्हेंडिशही मरू लागली, आणि ज्या बुरशीने ती मारली तिच्या वंशाला पुढे ट्रॉपिकल रेस 4, म्हणजे टीआर-4, हे नाव मिळाले. ती 2013 मध्ये जॉर्डन व मोझांबिकमध्ये आणि 2019 मध्ये कोलंबियात नोंदली गेली. भारतातील तिची पहिली अधिकृत नोंद बिहारमधील कटिहार व पूर्णिया या जिल्ह्यांतून 2019 मध्ये प्रसिद्ध झाली.

यावरून कोणालाही वाटेल की, कॅव्हेंडिश केळी मेली म्हणजे टीआर-4 च असणार. मात्र उपोष्ण प्रदेशांत रेस 4 चा आणखी एक प्रकार आढळतो. हिवाळ्यातील थंडीने कॅव्हेंडिशचे झाड अशक्त झाले की तो त्याला पाडतो. एरवी पाडत नाही. शिवाय तमिळनाडूत कॅव्हेंडिश गटावर रेस 1 मधील बुरशी आढळल्याची नोंद 2010 मध्येच झालेली आहे. म्हणजे रोगाची लक्षणे तीच, केळीची जात तीच, बुरशीचे नावही तेच. आणि तरी शत्रू तीन वेगवेगळे असू शकतात. त्यांची वेगवेगळी ओळख पटवण्याचा जो जुना आणि भरवशाचा मार्ग आहे, तोच व्हेजिटेटिव्ह कम्पॅटिबिलिटी ग्रुप, म्हणजे व्हीसीजी. मराठीत त्याला कायिक सुसंगती गट असे म्हणता येईल.

यामागची गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. बुरशी वाढते ती तंतूंनी, आणि वाढताना हे तंतू एकमेकांना भेटले की पुष्कळदा जुळून एक होतात. दोन वेगवेगळ्या बुरश्यांचे तंतू असे जुळले, तर दोघींची केंद्रके एकाच पेशीत येतात. तेव्हा आपला कोण आणि परका कोण, हे बुरशी स्वतः ठरवते. तिच्याकडे यासाठी अनेक जनुके असतात आणि दोन्ही बाजूंची ही जनुके सर्वच्या सर्व जुळावी लागतात. ती जुळली, तर जुळलेली पेशी जगते आणि दोन्ही केंद्रके एकत्र नांदतात. एक जरी वेगळे निघाले, तरी ती पेशी लवकरच मरते आणि संबंध तिथेच तुटतो. पत्रिकेत छत्तीस गुण असतात आणि अठरा जुळले तरी लग्न ठरते. इथे मात्र छत्तीसच्या छत्तीस जुळावे लागतात.

फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमची लैंगिक अवस्था आजवर कोणी पाहिलेली नाही. ती पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या प्रती काढत राहते, म्हणून ही जनुके एका वंशात जशीच्या तशी पुढे जातात. त्यामुळे ज्या दोन बुरश्या एकमेकींना आपले मानतात, त्या बहुधा एकाच मूळ बुरशीच्या लेकी असतात. कटिहारच्या केळीतून काढलेली बुरशी आणि तैवानच्या केळीतून काढलेली बुरशी एका बशीत ठेवून त्यांनी एकमेकींना ओळखले, तर त्यांचे मूळ एक आहे असे म्हणायला भक्कम आधार मिळतो.

आता ही ओळख डोळ्यांना दिसायची कशी? तंतू जुळले की नाही, हे नुसत्या बशीत कळत नाही, कारण दोन्ही बुरश्या पांढऱ्याच. यावरची युक्ती नायट्रेटची आहे. 1985 मध्ये पुहल्ला या शास्त्रज्ञाने ती या बुरशीसाठी वापरून दाखवली आणि 1987 मध्ये कॉरेल, क्लिटिच व लेस्ली यांनी तिची रीतसर घडी बसवली. बुरशी नायट्रेटमधून नत्र घेते, त्यासाठी तिच्याकडे एक विकर असते. पोटॅशियम क्लोरेट हे रसायन नायट्रेटसारखे भासते. ते विकर क्लोरेटलाही नायट्रेट समजून त्यावर काम करते आणि त्यातून विष तयार होते. म्हणून क्लोरेट घातलेल्या माध्यमावर बुरशी खुरटते. काही दिवसांनी मात्र त्या खुरट्या ठिपक्याच्या एखाद्या कडेतून पंख्यासारखा एक भाग भराभर बाहेर पसरतो. त्या भागात निसर्गतःच एक बिघाड झालेला असतो: नायट्रेट वापरण्याची त्याची क्षमता गेलेली असते, म्हणून क्लोरेटचे विषही त्याच्यात बनत नाही. हा भाग उचलून, फक्त नायट्रेटवर जगायला लावणाऱ्या माध्यमावर ठेवला की तो पसरतो खरा, पण जाळीदार साडीच्या पदरासारखा विरळ पसरतो. त्याच्यावर कापसासारखी वाढ येत नाही. याला निट म्युटंट म्हणतात.

दोन वेगवेगळ्या बुरश्यांपासून असे दोन म्युटंट घ्यायचे, पण दोघांतील बिघाड वेगळा हवा. एकात विकराचे प्रथिनच बिघडलेले असते, दुसऱ्यात त्या विकराला लागणारा मॉलिब्डेनमचा साहाय्यक घटक तयार होत नाही. एकाकडे चूल आहे पण सरपण नाही, दुसऱ्याकडे सरपण आहे पण चूल नाही. स्वतंत्रपणे दोघेही उपाशी. हे दोन तुकडे नायट्रेटच्या माध्यमावर दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने ठेवतात आणि साधारण 25 अंश तापमानात बशी ठेवून देतात. दोन्ही विरळ वर्तुळे पसरत पसरत मध्यावर भेटतात. त्या बुरश्या एका गटातल्या असतील, तर जिथे त्या भेटल्या त्या रेषेवर एकाची चूल आणि दुसऱ्याचे सरपण एकाच पेशीत येते, आणि आठ-पंधरा दिवसांत त्या रेषेवर पांढरी, दाट, फुगीर कड उभी राहते. बशी काळ्या कागदावर ठेवून टेबलावरच्या दिव्याचा प्रकाश तिरपा पाडला, तर समईत घालण्यासाठी वळलेल्या वातीसारखी ती कड दिसते. परक्या असतील तर काहीच घडत नाही. दोन विरळ वर्तुळे एकमेकांना भिडून तशीच राहतात. पहिल्यांदा अशी वात बशीत उमटलेली पाहिली, तेव्हा मी कितीतरी वेळ ती बशी हातातून खाली ठेवली नव्हती, कारण बुरशीने दिलेले उत्तर इतके सरळ मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

वेळ कुठे जातो, हे आता आपल्या लक्षात येईल. खोडातील दोऱ्यांतून बुरशी वाढवायची, एकाच बीजाणूपासून शुद्ध वाढ घ्यायची, म्युटंट निघण्याची वाट पाहायची, कोणत्या म्युटंटमध्ये कोणता बिघाड आहे ते तपासायचे, आणि मग ज्ञात गटांच्या प्रमाण म्युटंटशी एकेक जोडी लावून दोन-तीन आठवडे निरीक्षण करायचे. यातील कोणतीही पायरी घाईने उरकता येत नाही.

गटांच्या क्रमांकांचीही एक रीत आहे. केळीवरील क्युबेन्ससाठी 012 हे पहिले तीन अंक ठरलेले आहेत आणि पुढचे अंक गटाचे. टीआर-4 चा गट 01213/16 असा लिहितात, कारण 01213 आणि 01216 हे आधी दोन वेगळे गट मानले गेले होते आणि नंतर ते एकमेकांशी जुळतात असे आढळले. आपल्या अहवालात हा क्रमांक आला, तर ती टीआर-4 होय. 0124 किंवा 0125 असा क्रमांक आला, तर ती नव्हे. या दोन गटांतील बुरश्याही पुष्कळदा एकमेकींशी जुळतात, म्हणून अहवालात दोन्ही क्रमांक एकत्र दिसले तरी गोंधळून जाऊ नये.

आज पीसीआर तपासणीने टीआर-4 विषयीचे उत्तर एक-दोन दिवसांत मिळते, आणि पहिली चाळणी म्हणून ती अवश्य करून घ्यावी. मात्र ती तपासणी बुरशीच्या जनुकसंचातील एक छोटा तुकडा शोधते, आणि रोगट केळीच्या खोडात इतर निरुपद्रवी फ्युझेरियमही मुक्कामाला असतात. त्यांच्यातही तसाच तुकडा निघाला तर अहवाल चुकीचा होकार देऊ शकतो. म्हणून नव्या भागातून पहिल्यांदाच टीआर-4 आढळल्याचा दावा होतो, तेव्हा पीसीआरसोबत व्हीसीजीची आणि निरोगी रोपावर रोग पुन्हा निर्माण करून पाहण्याची जोड असावी, असे माझे ठाम मत आहे. निकाल येईपर्यंत आपण बाधित झाडे आणि त्यांच्या भोवतालची जागा दोरी लावून वेगळी ठेवा, तेथील मुनवे दुसरीकडे लावू नका, पाटाचे पाणी त्या जागेतून पुढे जाऊ देऊ नका, आणि तेथे वापरलेली कुदळ, कोयता व ट्रॅक्टरचे टायर माती खरवडून, धुऊन व निर्जंतुक करूनच बाहेर काढा. गट कोणताही निघाला तरी ही काळजी वाया जाणार नाही.

प्रश्न : मी कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करते. माझ्याकडे मर रोगाच्या फ्युझेरियमचे 20 आयसोलेट, म्हणजे रोगट झाडांतून वेगळे काढून वाढवलेले नमुने, आहेत. क्लोरेटवर म्युटंट मिळाले, पण जवळजवळ सगळे निट 1 प्रकारचेच निघाले. दोन आयसोलेट कोणाशीही जुळत नाहीत. त्यांना दोन नवे गट म्हणावे का? — एक विद्यार्थिनी, राहुरी

उत्तर : नवे गट म्हणण्यापूर्वी थांबावे. प्रथम त्या दोन आयसोलेटचे त्यांच्या स्वतःच्याच दुसऱ्या म्युटंटशी जुळते का, ते पाहावे. काही बुरश्या स्वतःशीही जुळत नाहीत. त्यांचे तंतू एकमेकांत मिसळण्याची क्षमताच क्षीण झालेली असते. अशा आयसोलेटची नोंद ‘स्वतःशी असंगत’ अशी वेगळी करावी लागते. त्यांचा कोणताही गट ठरवता येत नाही. स्वतःशी जुळवून पाहण्याचे हे नियंत्रण बहुतेक प्रबंधांत एका ओळीत उरकलेले असते, काहींत तर ते नसतेच, आणि त्यामुळे जगात नसलेले गट कागदावर तयार होतात. तुमच्या प्रबंधात त्याचा स्वतंत्र तक्ता असावा, असे मी आग्रहाने सांगेन.

निट 1, म्हणजे ज्यात विकराचे प्रथिनच बिघडलेले असते तो, जास्त निघणे स्वाभाविक आहे. तो प्रकार सर्वांत सहज मिळतो. तुम्हाला निट एम हवा आहे, म्हणजे ज्यात मॉलिब्डेनमचा साहाय्यक घटक तयार होत नाही तो, कारण जोडीदार म्हणून सर्वांत स्पष्ट प्रतिसाद तोच देतो. त्यासाठी बश्यांची संख्या वाढवावी आणि बटाटा-डेक्स्ट्रोज अगार व प्रोलिन घातलेले किमान माध्यम ही दोन्ही क्लोरेटसह वापरून पाहावीत, कारण माध्यम बदलले की म्युटंटच्या प्रकारांचे प्रमाणही बदलते. क्लोरेट 1.5 टक्के आहे असे गृहीत धरतो. बुरशी त्यावर खुरटत नसेल, तर प्रमाण थोडे वाढवावे.

प्रकार ओळखताना नायट्राइटच्या आणि हायपोझँथिनच्या बशीवर भर द्यावा. निट 1 दोन्हींवर दाट वाढतो. निट 3 हा तिसरा प्रकार नायट्राइटवर विरळ राहतो, पण हायपोझँथिनवर वाढतो. निट एम याच्या नेमका उलट: नायट्राइटवर दाट, हायपोझँथिनवर विरळ, कारण हायपोझँथिन वापरणाऱ्या विकरालाही मॉलिब्डेनमचाच घटक लागतो. क्लोरेटवर पसरलेला भाग नायट्रेटवरही कापसासारखा दाट वाढला, तर तो क्लोरेट सहन करणारा आहे, पण निट म्युटंट नव्हे; तो टाकून द्यावा.

20 आयसोलेटच्या आपसांतील जोड्या 190 होतात, आणि निट 1 व निट एम यांची अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी लावल्या तर 380. एवढ्या बश्या एका दमात लावण्याऐवजी आधी प्रत्येक आयसोलेटचा एक चांगला निट एम निवडावा, त्यांतील तीन-चार प्रमाण म्हणून धरावेत, आणि बाकीचे निट 1 त्यांच्याशी जुळवून गट जसजसे उघड होतील तसतसे पुढे जावे. कमकुवत रेषा आठव्या दिवशी दिसत नाही आणि एकविसाव्या दिवशी दिसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून नकार नोंदवण्याची घाई करू नये. म्युटंट निर्जंतुक गाळणकागदाच्या तुकड्यांवर वाढवून, सुकवून, थंड ठिकाणी ठेवावेत, कारण माध्यमावर वारंवार पुढे नेत राहिल्यास त्यांचा स्वभाव बदलतो.

प्रश्न : हरभऱ्याच्या मर रोगाच्याही वेगवेगळ्या रेस आहेत असे ऐकतो. आमच्या भागात कोणती रेस आहे हे या व्हीसीजी तपासणीने कळेल का, म्हणजे त्यानुसार वाण निवडता येईल? — एक शेतकरी, वाशिम जिल्हा

उत्तर : या बाबतीत नाही. गट आणि रेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गट बुरशीचे मूळ सांगतो, रेस ती कोणत्या वाणाला मारते हे सांगते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील हावरे आणि नेने यांनी 1982 मध्ये निवडक वाणांवर लागण करून भारतातील चार रेस वेगळ्या दाखवल्या होत्या; जेजी-62 सारखा सहज बळी पडणारा वाण अशा चाचण्यांत आजही तुलनेसाठी लावतात. पुढे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र या बुरशीच्या निरनिराळ्या रेसचे आयसोलेट 0280 या एकाच गटात बसले. एका वंशातील भावंडांनी वेगवेगळे हुन्नर शिकावेत, तसे हे आहे. वाणाच्या निवडीसाठी विजय, दिग्विजय किंवा जॅकी 9218 यांसारख्या मर सहन करणाऱ्या वाणांचा आपल्या गावातील दोन-तीन वर्षांचा अनुभव कोणत्याही व्हीसीजी क्रमांकापेक्षा आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या जंगलांतून चेस्टनटची मोठी झाडे बुरशीमुळे नाहीशी झाली, आणि युरोपात मात्र त्याच बुरशीला झालेल्या एका विषाणूमुळे झाडे वाचली, असे इथल्या माहितीफलकावर वाचले. एकीकडे उपाय चालला आणि दुसरीकडे का नाही? — एक वाचक

उत्तर : आपला प्रश्न वरच्या उत्तरांना फार सुंदर जोडून येतो. चेस्टनटच्या खोडावर खोल जखमा करणारी ही बुरशी, क्रिफोनेक्ट्रिया पॅरासिटिका, 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील झाडांवर प्रथम लक्षात आली आणि काही दशकांतच तिने पूर्व अमेरिकेतील चेस्टनटचे जंगल संपवले. युरोपातही ती पोहोचली, पण 1950 च्या सुमारास इटलीत काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येत असल्याचे दिसले. तेथील बुरशीला एका विषाणूची लागण झालेली होती आणि त्यामुळे तिचा जोर ओसरला होता.

हा विषाणू बुरशीच्या पेशीच्या रसात राहतो आणि एका बुरशीतून दुसरीत जातो तो मुख्यतः तंतू जुळतात तेव्हाच. म्हणजे वर सांगितलेली आपला-परका ही परीक्षा त्यालाही ओलांडावी लागते. दोन बुरश्या परक्या असतील, तर जुळलेली पेशी मरते आणि तिच्यासोबत विषाणूचा मार्गही बहुतेक वेळा बंद होतो. या बुरशीत ही ओळख ठरवणारी सहा प्रमुख जनुक-स्थाने नीट अभ्यासली गेली आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय, म्हणजे एकूण 64 गट संभवतात. युरोपातील पुष्कळ भागांत प्रत्यक्षात थोडेच गट पसरलेले होते, म्हणून विषाणू बुरशीतून बुरशीत सहज फिरला. अमेरिकेत गटांची विविधता मोठी, म्हणून सोडलेला विषाणू पहिल्या एक-दोन झाडांवरच अडकून पडत राहिला.

या बुरशीत सुसंगती तपासायला म्युटंटही लागत नाहीत. दोन नमुने एका बशीत शेजारी वाढवले, की एका गटातले असल्यास त्यांची वाढ एकमेकांत मिसळून एकसंध होते आणि परके असल्यास मध्ये मेलेल्या पेशींची एक स्पष्ट रेघ उमटते, शेताच्या बांधासारखी. 2016 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यांतील काही जनुके निकामी केलेल्या बुरशीचे वाण तयार केले. विषाणू वाहून नेणारे हे वाण परक्या गटांच्या बुरशीलाही तो देऊ शकतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले. एका झाडासाठी माणसे शंभर वर्षे झटत राहतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : परक्या गटांच्या बुरश्या एकमेकींपासून कायमच्या तुटलेल्या असतील, तर निरुपद्रवी बुरशी कधीच रोगकारक होणार नाही, असे समजावे का? — एक विज्ञान शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : तसे समजू नये. 2010 मध्ये टोमॅटोवरील फ्युझेरियमच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोग करण्याची क्षमता बाळगणारे एक संपूर्ण लहान गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत गेले आणि ती बुरशी टोमॅटोला रोग करू लागली, असे प्रयोगशाळेतच दाखवून दिले गेले. त्या दोन बुरश्या वेगवेगळ्या वंशांतल्या होत्या. म्हणजे असंगतीची भिंत उंच आहे, पण ती कधीच ओलांडली जात नाही असे नव्हे. क्युबेन्समधील निरनिराळे गट एका मूळ बुरशीपासून आलेले नसून फ्युझेरियमच्या वेगवेगळ्या फांद्यांवर केळीला मारण्याचा गुण आलेला दिसतो, हे निरीक्षणही याच्याशी मिळतेजुळते आहे. म्हणून गट कळला तरी रोपावरील चाचणी सोडता येत नाही.

प्रश्न : तपासणीसाठी केळीचा नमुना कसा पाठवावा? मी मागच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत खोडाचा तुकडा पाठवला होता, तो ‘कुजून आला’ म्हणून परत कळवले. — एक वाचक, यावल

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीत ओले खोड दोन दिवसांत सडते आणि सडवणारे जिवाणू मूळ बुरशीला दडपून टाकतात. नुकतीच लक्षणे दाखवू लागलेली, पण अजून उभी असलेली झाडे निवडावीत. पूर्ण वाळलेल्या झाडाचा उपयोग नाही. प्रत्येक झाडाच्या खोडाच्या खालच्या भागातून तळहाताएवढा तुकडा घ्यावा, स्वच्छ पात्याने त्यातील तांबूस-तपकिरी दोरे वेगळे काढावेत, टीपकागदाच्या घड्यांत ठेवून सावलीत सुकवावेत आणि कागदी पाकिटात घालावेत. पात्याचे टोक प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावे. किमान तीन झाडांचे दोरे वेगवेगळ्या पाकिटांत द्यावेत आणि प्रत्येक पाकिटावर गाव, गट क्रमांक, जात, लागवडीची तारीख, रोपे टिश्यूकल्चरची की मुनव्यांची, आणि लक्षणे प्रथम दिसल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. ओलाव्याने शाईची अक्षरे फिसकटतात. माती, मुनवे किंवा कंद पाठवू नयेत, त्यांतून रोगच प्रवासाला निघतो. पाठवण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवून जळगावचे केळी संशोधन केंद्र किंवा तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र यांच्याकडे नमुना कोणत्या मार्गाने न्यायचा ते ठरवावे, आणि ज्या झाडातून दोरे काढले त्या झाडाला खूण करून ते निकाल येईपर्यंत जागेवरच ठेवावे, कारण प्रयोगशाळेला दुसऱ्यांदा नमुना हवा असेल तर तो त्याच झाडाचा लागेल.